चाक भरल्याबिगर

आमच्या विहिरीवरची मोट सुटली आणि इंजिन आलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यामुळं मोट माझ्यासाठी ऐकीवच. इंजिन मात्र अजून डोळ्यांपुढं आहे. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, दोन्ही अंगांना जात्यासारखी जड चाकं. माण-खटावच्या आमच्या माळावर तेव्हा विजेचे खांब आले नव्हते, म्हणून पाणी हवं तर इंजिनच. ते चालू करायला दोघं लागायचे : एक हँडल मारायला, एक लिव्हर पाडायला. हँडल तात्या मारायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील मुंबईला गिरणीत, त्यामुळं लिव्हर माझ्याकडं आली ती मी आठ वर्षांचा झाल्यावर.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट आवळली, की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा उडाला की भडका. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं ना, तोच प्रकार. पण एवढी हवा आवळायचं बळ माणसाच्या मनगटात कुठलं? म्हणून इंजिनाच्या डोक्यावर बोटाएवढी लिव्हर असते. ती उभी केली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा फुस्स करून निघून जाते आणि चाक हलकं फिरतं. हँडल मारत वेग वाढवायचा आणि मग लिव्हर पाडायची. पुढचं दाबायचं काम हात करत नाही, चाकात साठलेली गती करते. याला आमच्याकडं चाक भरणं म्हणत. तात्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “चाक भरल्याबिगर लिव्हर पाडायची न्हाय. डोळ्यानं बघू नको, कानानं बघ.” फुस्सफुस्स जवळजवळ आलं, नोझल चर्र चर्र बोलायला लागला, की वेळ झाली.

ही युक्ती काही आमच्या खोपीत जन्मली नव्हती. रुडॉल्फ डिझेलला १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. ते माणसापेक्षा उंच धूड. हातानं फिरवायचा प्रश्नच नव्हता, दाबून साठवलेली हवा सोडून ते सुरू करायचे. शेतकऱ्याच्या हाताला येईल असं इंजिन व्हायला पुढं तीसेक वर्षं गेली. १९३० च्या सुमारास इंग्लंडात डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीनं संथ फिरणारं, जड चाकांचं, एकट्या माणसाला हँडलनं सुरू करता येईल असं इंजिन काढलं. राजकोटला त्या घडणीची इंजिनं पुढं किती तरी वर्षं बनत राहिली. आमच्या साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार केलं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. इंजिन करणारा माणूस पंतप्रधान, हे ऐकून लहानपणी मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला आणि मग गावोगावच्या विहिरींवर टुकटुक सुरू झाली.

मोटारींनाही आधी हँडलच होतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी वेळेआधी पडली, तर दट्ट्या वर पोचायच्या आत भडका उडतो आणि इंजिन उलटं फिरतं. हातातलं हँडलही उलटं येतं. त्यात किती मनगटं मोडली असतील! म्हणून जाणते लोक अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवत, हँडलला विळखा घालत नसत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९१२ च्या कॅडिलॅक गाडीसाठी विजेचा स्टार्टर केला. त्याआधी त्यानं दुकानातल्या गल्ला मोजायच्या यंत्राला मोटर बसवली होती. तिथंच त्याला उमगलं होतं, की क्षणभरच जोर लावायचा असेल तर लहान मोटरही पुरते.

आमच्याकडं स्टार्टर म्हणजे तात्या. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला आणि इंजिन गोणपाट पांघरून पडलं. १९७४ च्या डिसेंबरात कुठं मनासारखा गहू उभा राहिला, तोही सोसायटीच्या कर्जावर. एका पहाटे दारं धरायची होती. थंडी मरणाची. तात्यांनी तेलात भिजवलेला काकडा पेटवून हवेच्या तोंडाशी धरला, मग हँडल घातलं. माझे हात गारठले होते, पायांत जुनी चप्पल. मला लवकर घोंगडीत शिरायचं होतं, एवढंच खरं. चर्र ऐकायच्या आधीच मी लिव्हर पाडली.

चाकात दम नव्हता. दट्ट्या वर पोचायच्या आतच भडका उडाला आणि चाक उलटं फिरलं. सुलटं फिरताना हँडलची खाच आपोआप सुटते, उलटं फिरताना सुटत नाही. तात्या “आय गं” एवढंच म्हणाले आणि ओट्याला टेकून बसले. मनगट दुसरीकडंच बघत होतं.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. मला कुणी बोललं नाही, तेच जड गेलं. गव्हाची पाळी दोन दिवस चुकली, जमीन तडकली. भावकीतले लोक आपापल्या विहिरींवर. तिसऱ्या दिवशी काकूनं पदर खोचला आणि म्हणाली, “चल, लिव्हर धर.” मी म्हटलं, मी नाही धरणार. तात्या गळ्यात हात अडकवून खोपीच्या दारात येऊन बसले. “धर. मी सांगंन तवा पाड.”

काकूनं आयुष्यात हँडल मारलं नव्हतं. पहिल्या खेपेला चार फेऱ्यांत दमली. तात्या म्हणाले, “जोर नको लावू, लय धर. दळण दळत्यासारखं.” मग मात्र चाक भरत गेलं. नोझल बोलला. मला वाटलं आता, पण तात्या गप्प. आणखी दोन फेऱ्या. “पाड!” धुराचा एक काळा गोळा नळीतून निघाला, मग टुक, टुक, आणि पट्टा पळायला लागला. काकू हँडल हातात घेऊन तशीच उभी. पुढं दीड महिना हँडल तिनंच मारलं.

मागल्या वर्षी पुतण्याकडं पुण्याला गेलो होतो. त्याला जुनी गाडी शर्यतीसारखी करायचा नाद. इंजिनाचं डोकं घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं. थंड असताना गाडी सुरू व्हायची, पण तापल्यावर स्टार्टर कण्हायचा आणि इंजिन उलटा हिसडा द्यायचं. त्याच्या मिस्त्रीनं बॅटरीच्या तारा जाड केल्या, अर्थिंग नीट केलं, गिअरचा स्टार्टर घातला आणि ठिणगीला वेगळं बटण दिलं. आधी नुसता स्टार्टर मारायचा, इंजिन दोन-तीन वेढे मोकळं फिरू द्यायचं, मग बटण दाबायचं. पुतण्या हे नवीन शोध असल्यासारखं सांगत होता. मी तात्यांचं मनगट सांगितलं. ते शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. जेवताना घास उचलला की आधी बाहेरच्या बाजूला जायचा, मग तोंडाकडं यायचा.

“काका, तुम्ही मारून बघता?” त्यानं किल्ली पुढं केली. मी म्हटलं, “तू स्टार्टर मार, बटण माझ्याकडं दे.”