सरळ छेदाची गोष्ट

सुटीच्या दिवशी लाकूड घेऊन बसणारा एखादा तरी शिक्षक आपल्या ओळखीत असतोच. रंधा, पटाशी, गुण्या हाताखालचे झाले, की त्याचे लक्ष मेजकरवतीकडे जाते. मेजाच्या मधोमध फिरते गोल पाते असते ना, तेच हे यंत्र. आपले सुतार त्याला नुसते ‘कटर’ म्हणतात. मग तो विचारतो, किती हॉर्सपॉवरचे घ्यावे? हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, त्याचा छेद सरळ येतो का? असे का म्हणतो, ते कळायला करवतीच्या इतिहासात थोडे मागे जाऊ.

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्रा’वरून आला. सुश्रुताने शस्त्रक्रियेच्या हत्यारांत करपत्र सांगितले आहे, इतकी ही वस्तू जुनी. यंत्रे येण्यापूर्वी मोठा ओंडका फाडायचा तो असा: ओंडका घोडीवर उंच चढवायचा, गेरूत भिजवलेली दोरी ताणून त्यावर रेघ उठवायची, आणि एकाने वर उभे राहून व दुसऱ्याने खाली उभे राहून लांब करवत ओढायची. रेघ सांभाळायची वरच्याने. भुसा डोळ्यांत घ्यायचा खालच्याने. छेदाचा सरळपणा त्या दोघांच्या खांद्यांत असे. एक दमला की पाते भरकटले, आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ. मग रंध्याने निस्तरा.

डहाणू-तलासरीच्या रानात साग, ऐन, खैर तोडण्याचे काम मुख्यतः वारली आणि इतर आदिवासी बांधवांनी केले. मजुरी काय मिळे? लग्नासाठी कर्ज काढावे आणि त्यापायी सावकाराकडे राबत राहावे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ असे नावच पडले होते. मुंबई सरकारने १९३७ मध्ये सिमिंग्टन यांना चौकशीस नेमले. १९३९ च्या त्यांच्या अहवालात वेठीची हकीकत आली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढारीपणाखाली वेठीविरुद्ध चळवळ उभी राहिली. १९४६ च्या ऑक्टोबरात जंगलकामाचा संप झाला. मागणी होती रोजी किमान सव्वा रुपयाची. करवत जातानाही कापते नि येतानाही कापते, असे आपण म्हणतो; ठेकेदाराची वही नेमकी तशी चाले. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात लिहिले आहे. शाळेत ते नसेल तर आणून ठेवा.

विलायतेत तोवर लाकूडकापणी बरीच बदलली होती. साउदम्प्टनच्या सॅम्युअल मिलरने १७७७ मध्ये गोल करवतीचे पेटंट घेतले. १८०८ मध्ये विल्यम न्यूबेरीने पट्टाकरवतीचे घेतले, पण पट्ट्याचा जोड टिकेना. ती अडचण अ‍ॅन पॉलिन क्रेपिन या फ्रेंच बाईंनी १८४६ च्या सुमारास दूर केली. वखारीतल्या ओंडक्यांना पट्टाकरवत, छोट्या कारखान्याला मेजावरची गोल करवत, अशी वाटणी पुढे झाली. १९३९ मध्ये अमेरिकेत डेल्टा कंपनीची ‘युनिसॉ’ निघाली. तिच्यात मेज सपाटच राही आणि पाते कलत असे.

या बदलात सरळपणा माणसाच्या खांद्यातून निघाला आणि मेजावरच्या एका लोखंडी आधारपट्टीत जाऊन बसला. तुम्ही फळी पट्टीला टेकवून पुढे ढकलता, एवढेच. पट्टी वाकडी, तर हात कितीही बसलेला असो, छेद वाकडाच.

शिक्षकाला हे का महत्त्वाचे? आपल्याच डहाणू तालुक्यातले उदाहरण घ्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गावात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून शिक्षणाची साधने करायची, हा त्यांचा आग्रह. त्यामागे होती माँटेसोरीबाईंची पद्धत, आणि तिचे मर्म असे की मुलाची चूक साधनानेच दाखवावी, गुरुजींनी नव्हे. अंकदांडे दहा: पहिला १० सेंटिमीटरचा, दहावा एक मीटरचा. मूल नऊच्या दांड्याला एकाचा जोडते आणि दहाच्या शेजारी ठेवते. नऊ व एक अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने लांब आणि दहा तितकाच आखूड झाला असेल, तर दीड मिलिमीटरची पायरी बोटाला लागते. मुलाने बरोबर केलेले असते आणि लाकूड त्याला ‘चुकलास’ म्हणते! ठोकळ्यांचेही तेच. पाते अर्धा अंश कलले, तर सात सेंटिमीटरच्या बाजूवर सहा दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. असे ठोकळे एकावर एक रचले की मनोरा झुकलाच.

तेव्हा दुकानात जाताना गुण्या, पोलादी पट्टी आणि खडू बरोबर न्या. वीज तोडून ठेवायला सांगा. पाते धरून आडवे हलवून पाहा. खेळ लागला तर यंत्र सोडून द्या. मग एका दाताला खडू लावा, मेजावरच्या खाचेपासून त्याचे अंतर पुढे मोजा, पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा बरे का. नाहीतर पात्याचा वाक मेजाच्या माथी मारला जाईल. आधारपट्टी पाच वेळा सोडून पाच वेळा आवळा. दरवेळी ती खाचेला समांतर बसली पाहिजे आणि मागचे टोक दाबून हलता कामा नये. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. शेवटी त्याला जाड फळी आडवी कापून दाखवायला सांगा. एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही तुकडे सपाट मेजावर तोंडाला तोंड लावून ठेवा. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते, म्हणून डोळ्याला चटकन कळते.

पट्टीचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल तर नुसता छेद बिघडत नाही. लाकूड मधे चिमटते आणि मागचे दात ते उचलून तुमच्या अंगावर फेकतात. पात्यामागे फट उघडी ठेवणारी पोलादी पाचर असते. ती नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. बोट लागताच पाते थांबवणारी युक्ती अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये काढली, पण आपल्या ऐपतीतला उपाय म्हणजे लाकूड ढकलायला दांडकी वापरणे. एक सेंटिमीटरचा ठोकळा तर या यंत्रावर कापूच नये. त्याला हातकरवत बरी.

लाकूड कुठले घ्याल? १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे. ताज्या सागाच्या मोहात पडण्यापेक्षा मोडलेल्या दारांच्या आणि पाळण्यांच्या जुन्या फळ्या घ्या. त्या वाळलेल्या असतात, पुन्हा सहसा वाकत नाहीत. मात्र कापण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक राहिलेला खिळाही नव्या पात्याचे दात उडवतो.