समतल इंधनमापक व टाकीचे झाकण (मोटारसायकल)

समतल इंधनमापक व टाकीचे झाकण : मोटारसायकलीच्या पेट्रोल टाकीवर उंचवटा न राहता तिच्या पृष्ठभागाशी एकाच पातळीत बसेल अशा बेताने घडविलेले, आणि कारखान्याने दिलेल्या मूळ भागाच्या जागी मागाहून बसविण्यात येणारे झाकण व पेट्रोलचा साठा दाखविणारे उपकरण. ही दोन्ही बहुधा जोडीने विकली जातात, कारण हार्ले-डेव्हिडसनच्या ज्या मोठ्या गाड्यांमुळे ही जोडी लोकप्रिय झाली, त्यांच्या टाकीवर उजवीकडे पेट्रोल भरण्याचे झाकण व डावीकडे हुबेहूब त्याच घाटाचा मापक अशी समोरासमोर मांडणी असते. झाकण सपाट झाल्याने टाकीची रेषा अखंड दिसते, हा या योजनेचा उघड हेतू होय. परंतु झाकण टाकीला श्वास घेऊ देते की नाही आणि मापक खरे सांगतो की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरावरच अशा कामाची परीक्षा व्हावयास हवी, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

पूर्वपीठिका : मद्रास येथे १९५५ पासून उत्पादनास आरंभ झालेल्या एन्फील्ड बुलेटच्या जुन्या नमुन्यांत दिव्याच्या वरच्या घडणीत वेगमापक व विद्युत्प्रवाहमापक असत, पेट्रोल किती उरले हे दाखविणारा काटा मात्र नसे. त्याचे कार्य टाकीखालचा कॉक पार पाडीत असे. कॉकच्या तोंडाशी एक नळी उंच व एक आखूड अशी योजना असून, पेट्रोल उंच नळीच्या टोकाखाली उतरले की एंजिन अडखळू लागे, आणि स्वाराने चालत्या गाडीवरच हात खाली घालून कॉक फिरवावा म्हणजे आखूड नळीतून उरलेला साठा मिळू लागे. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य मराठी घरांत दोन पिढ्या याच अर्थाने बोलले गेले. ही योजना ओबडधोबड असली तरी तिच्यात एक थोर गुण होता : तिच्यात विजेचा संबंध नव्हता, म्हणून ती चुकीची ग्वाही देऊ शकत नसे. इंधन अंतःक्षेपण पद्धतीच्या नव्या गाड्यांत पंप टाकीच्या पोटातच बसतो व रिझर्व्हचा कॉक नाहीसा होतो. त्यामुळे काट्यावर अथवा दिव्यावर विसंबण्यावाचून स्वाराला गत्यंतर उरत नाही.

हार्ले-डेव्हिडसन कंपनीने भारतात येण्याचा निर्णय २००९ मध्ये जाहीर केला, आणि २०१० मध्ये ज्या शहरांत तिची पहिली विक्रीकेंद्रे उघडली त्यांत हैदराबादचा समावेश होता. २०२० मध्ये कंपनीने येथील आपला कारभार आवरता घेऊन वितरण व दुरुस्तीचे काम हीरो मोटोकॉर्पकडे सोपविले. परंतु तोवर दोन तोंडांच्या टाकीची व सपाट झाकणाची आवड बुलेटस्वारांपर्यंत उतरली होती. बुलेटच्या एंजिनाभोवती नवा सांगाडा व नवी टाकी रचण्याचे काम मुंबईकडे अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने नावारूपास आणले, तर हैदराबादेत ‘आयमोर कस्टम्स’ने जुन्या रॉयल एन्फील्ड गाड्यांना नवा रंग व नवा साज चढविण्यात लौकिक मिळविला. अशा नामांकित कार्यशाळांबाहेर, किंबहुना त्यांच्याहून कितीतरी अधिक प्रमाणात, हे काम हैदराबाद-सिकंदराबाद या जोडशहरांच्या जुन्या बाजारांत चालते. सिकंदराबादेतील राणीगंज, सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेली पुतलीबावली, आणि जुन्या गाड्या मोकळ्या करून त्यांचे भाग विकणारा गोशामहाल हे त्यांतील प्रमुख होत. हैदराबादच्या मराठी माणसाला पुतलीबावलीचा परिसर परका नाही, कारण १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही त्याची शिक्षणसंस्था लगतच्या जांबागेत उभी आहे. या बाजारात झाकण विकणारा एक, भोक पाडणारा दुसरा, वेल्डिंग करणारा तिसरा व तारा जोडणारा चौथा असा श्रमविभाग दिसतो. प्रत्येक उस्ताद आपल्या कामात निष्णात असला तरी सर्व कामाची जबाबदारी कोणा एकाकडे नसते, आणि बहुतेक दोष या दोन हातांमधल्या फटीतच उद्भवतात.

झाकण : बाजारात मिळणाऱ्या समतल झाकणांचे दोन घाट मुख्य होत. पहिल्यात आट्यांचे झाकण असून त्याचा मधला भाग दाबला असता वर उसळतो, तो धरून झाकण फिरवावयाचे व काम आटोपल्यावर पुन्हा दाबून खाली बसवावयाचे. त्याकरिता टाकीत आट्यांचे कडे आधीच असावे लागते अथवा नव्याने वेल्ड करावे लागते. दुसऱ्यात बिजागरीचे, किल्लीने उघडणारे झाकण एका चपट्या कड्यात बसविलेले असून ते कडे स्क्रूंनी टाकीवर आवळले जाते.

या दुसऱ्या प्रकारचे कडे हातात घेऊन उलटे केले, तर त्याच्या खालच्या अंगास दोन बारीक भोके दिसतात. त्यांपैकी एक भोक झाकणाभोवतीच्या चरात साचणाऱ्या पावसाच्या पाण्याला टाकीतून आरपार जाणाऱ्या नळीने जमिनीवर वाट करून देते. दुसरे टाकीतील हवेच्या येण्याजाण्याकरिता असते. उंच झाकणावरून पाणी आपोआप ओघळून जाते, सपाट झाकणाभोवती ते थांबते. म्हणून ज्या टाकीस पाण्याच्या नळीची सोय मुळातच नाही तिच्यावर असे कडे नुसते आवळून दिले, अथवा वॉशर उलटा बसल्याने भोक झाकले गेले, तर पहिल्याच मृगाच्या सरीत पाणी पेट्रोलमध्ये उतरते. या दोषाचे गांभीर्य अलीकडे वाढले आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशात विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी यांचा जड थर वेगळा होऊन नेमका टाकीच्या तळाशी, एंजिनाकडे जाणाऱ्या तोंडापाशी, जाऊन बसतो. इथेनॉलने हलक्या रबराची वर्तुळेही फुगतात व कालांतराने चिरतात. त्यामुळे झाकणाबरोबर आलेले वर्तुळ कोणत्या जातीच्या रबराचे आहे याची चौकशी करून, शंका असल्यास व्हिटॉनचे वर्तुळ घालावे.

हवेच्या भोकाची हकिकत याहून महत्त्वाची आहे. एंजिन जितके पेट्रोल ओढून घेईल तितकीच हवा टाकीत शिरली पाहिजे. ती न शिरल्यास टाकीत निर्वात उत्पन्न होतो, पेट्रोल उतरेनासे होते, आणि व्यवस्थित चाललेली गाडी काही मैलांवर विनाकारण बंद पडते. थोडा वेळ थांबल्यावर ती पुन्हा सुरू होते, म्हणून दोषाचा संशय कार्ब्युरेटरवर, प्लगवर, कॉइलवर जातो आणि मालक त्या सर्वांचा खर्च सोसतो. वस्तुतः बंद पडलेल्या क्षणी झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ असा स्वर ऐकू आला व लगोलग गाडी सुरू झाली, तर निदान झाले असे समजावे. दोन तोंडांच्या टाकीत ही चूक विशेष संभवते, कारण तेथे एक झाकण सच्छिद्र व दुसरे निश्छिद्र असावयाचे असते, आणि केवळ दिसण्यात सारखी म्हणून दोन निश्छिद्र झाकणे बसविली गेल्याची उदाहरणे घडतात. अलीकडच्या गाड्यांत टाकीतील बाष्प बाहेर न सोडता कोळशाच्या डबीत शोषून घेण्याची योजना असते. अशा गाडीवर हवेत उघडणारे सच्छिद्र झाकण बसविल्यास ती योजनाच निरर्थक होते.

हैदराबादच्या हवेत उलट दिशेचा प्रश्नही उभा राहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो व उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी त्याहूनही तापते. तापमान वीस अंशांनी वाढले असता तेरा लिटर पेट्रोल सुमारे पाव लिटरने प्रसरण पावते. सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरून, दुपारी गाडी उन्हात उभी केली, तर ते पाव लिटर कोठेतरी जाणारच. उंच गळ्याच्या टाकीत त्यास थोडी जागा मिळते, समतल झाकणाच्या टाकीत गळा अल्प असल्याने ते चरात येऊन रंगावर ओघळते व तप्त एंजिनाच्या दिशेने जाते. म्हणून असे झाकण बसविलेल्या गाडीत पेट्रोल तोंडापासून दोन बोटे खाली ठेवावे.

मापक : टाकीतील फ्लोट पेट्रोलबरोबर वरखाली होतो, त्याच्या दांडीने विद्युत्-रोध बदलतो, व त्या रोधानुसार काटा हलतो अथवा दिव्यांची ओळ कमीअधिक उजळते. फ्लोटसह या जुळणीला बाजारात टँक युनिट म्हणतात. मापक व टँक युनिट यांचे गोत्र एक असणे अत्यावश्यक होय. अमेरिकी पद्धतीच्या मापकांत रिकाम्या टाकीस २४० व भरलेल्या टाकीस ३३ ओहम रोध अपेक्षित असतो. युरोपीय पद्धतीच्या एका रूढ प्रकारात रिकाम्यास १० व भरलेल्यास १८० ओहम, म्हणजे क्रमच उलटा. एका पद्धतीचा मापक दुसऱ्या पद्धतीच्या युनिटला जोडला, तर टाकी भरली असता काटा रिकाम्यावर जातो, आणि ती रिकामी होत चालली की काटा वर चढू लागतो. भारतीय गाड्यांच्या युनिटांचे रोध त्या त्या नमुन्यानुसार भिन्न असल्याने, खरेदीपूर्वी फ्लोट वर व खाली धरून दोन्ही टोकांचे आकडे मल्टिमीटरवर पाहून ते कागदावर टिपून घ्यावे व त्यांच्याशी जुळणारा मापकच मागावा. परीक्षेकरिता बॅटरीची तार सरळ टँक युनिटला कदापि लावू नये.

जोडणीत तीन गोष्टी वारंवार चुकतात. टाकी रबरावर बसलेली असल्याने तिचा सांगाड्याशी विद्युत्-संबंध असेलच असे नाही, तेव्हा परतीची तार स्वतंत्र द्यावी. मापकास वीज किल्लीनंतरच्या तारेतून व लहान फ्यूज घालून द्यावी. जुन्या बुलेटची वीज सहा व्होल्टची असल्यास बारा व्होल्टचा मापक तीवर चालणार नाही. तिसरी गोष्ट हार्लेची : तिच्या डाव्या तोंडातील मापक झाकणासारखा दिसत असला तरी तो फिरवून काढावयाचा नसून हलकेच सरळ वर उचलावयाचा असतो. पंपावरील अनभिज्ञ सेवक अथवा घाईत असलेला मालक तो फिरवितो, आणि खालच्या तारा पिळून तुटतात.

एवढे करूनही काटा खरे सांगेलच असे नाही, कारण मोटारसायकलीची टाकी सांगाड्याच्या नळीवर खोगिरासारखी बसते; तिच्या दोन्ही बाजू खाली लोंबतात व मधला भाग उथळ राहतो, म्हणून काटा अर्ध्यावर असताना टाकी अर्धी भरलेली असते हा समज निराधार होय. याला एकच उपाय आहे, व तो प्रत्येक मालकाने अंगीकारावा अशी नोंदकाराची आग्रहाची शिफारस आहे. टाकी पूर्ण रिकामी करून, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, एकेका लिटरचे माप ओतीत जावे व प्रत्येक मापानंतर काटा कोठे थांबतो त्याची नोंद ठेवावी. या अर्ध्या तासाच्या उद्योगातून जी लहानशी तालिका हाती येते, ती कोणत्याही महागड्या मापकाहून विश्वसनीय ठरते. दिव्यांचा मापक घेताना तो भर दुपारच्या उन्हात वाचता येतो की नाही, हे दुकानाबाहेर नेऊन पाहावे.

टाकीवरील अग्निकर्म : मूळ टाकीत समतल कडे वेल्ड करण्याचे काम या सर्व प्रकरणातील खरोखर जीवघेणे अंग होय. पेट्रोलचे बाष्प हवेहून जड असते व हवेत त्याचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले की ते मिश्रण स्फोटक बनते. तेरा लिटरच्या टाकीत अशी अवस्था येण्यास केवळ एक मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पुरते, आणि तेवढे पेट्रोल टाकीच्या सांध्यांत व गंजाच्या पापुद्र्यांत दडून राहते. यास्तव रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची मानावी. ती साबणाच्या उष्ण पाण्याने पुनःपुन्हा धुवावी, काही काळ वाफ द्यावी, आणि वेल्डिंगच्या वेळी ती जवळजवळ काठापर्यंत पाण्याने भरलेली अथवा कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन वायूने व्यापलेली असावी. भोक पाडताना पात्यास ग्रीस फासल्यास लोखंडाचा कीस आत न पडता त्यास चिकटतो. आतून इपॉक्सीचा लेप दिलेल्या टाकीवर वेल्डिंग केल्यास लेप जळून सुटतो व त्याचे तुकडे पुढे गाळणीत अडकतात. अशा टाकीस स्क्रूंचे कडेच योग्य. काम संपल्यावर, रंग देण्यापूर्वी, टाकीत अल्प दाबाची हवा भरून ती पाण्यात बुडवावी व बुडबुडे येतात का ते पाहावे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ वर्णनाहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई आहे, व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा अर्थ कडक लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्या रूपात मांडलेल्या कलम १८२ अ अन्वये नियमबाह्य बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झाकण व मापक यांचा उल्लेख नोंदणीपत्रात नसतो. परंतु त्यांच्या निमित्ताने टाकीच बदलली, अथवा तिच्याबरोबर गाडीचा रंगही पालटला, तर प्रकरण परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत जाते, आणि त्या कार्यालयाची पूर्वमंजुरी घेतल्याविना तसे करू नये.

उपयुक्तता : दोन तोंडांची टाकी मुळातच असलेल्या गाडीवर, अथवा कॉक व रिझर्व्ह शाबूत असलेल्या जुन्या बुलेटवर, हे काम निर्धोकपणे करता येते. ज्या गाडीत पंप, मापक व बाष्पाची डबी ही कारखान्याने एकमेकांशी बांधून दिलेली आहेत, तिची टाकी कापू नये. तिच्याकरिता त्याच नमुन्याच्या मापाचे, स्क्रूंनी बसणारे झाकण मिळत असेल तर ते घ्यावे, न मिळाल्यास मूळचेच ठेवावे.