तंबूतलं व्हेनिस

आमच्या माण-खटाव भागातल्या माणसाला प्रवास नवा नव्हता. पावसानं दगा दिला की गडी मुंबईच्या गिरणीत, नाहीतर पलटणीत जायचे. पण तो पोटासाठीचा प्रवास. बायांचा प्रवास म्हणजे माहेर, आणि जमलंच तर पंढरपूर-जेजुरी. नुसतं बघायला म्हणून कुठंतरी जावं, ही हौस आमच्याकडं आणली ती तंबूच्या सिनेमानं.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. पुढं सिनेमा शहरातल्या थेटरातच बसून राहिला नाही. तंबू घेऊन जत्रेजत्रेला हिंडू लागला. पुसेगावला ऐन थंडीत सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. एकीकडं खिलार बैलांचा बाजार, दुसरीकडं तंबू. मालमोटारीच्या हौद्यातच मशीन बसवलेलं. तिथनंच उजेडाचा झोत पडद्यावर जायचा. भुईवर घोंगडं टाकायचं न् बसायचं. गड्यांची बाजू वेगळी, बायांची वेगळी. रीळ तुटलं की शिट्ट्या.

खरा मान 'संत तुकाराम'ला. प्रभातचा हा बोलपट 1936 चा, पण आमच्या लहानपणीही चालायचा. पडद्यावर तुकोबा दिसले की म्हाताऱ्या हात जोडायच्या. याच बोलपटाचा 1937 साली इटलीत, व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला होता. म्हणजे आमचे तुकोबा तिकडं कवाच जाऊन आले होते.

व्हेनिस आमच्याकडं आलं ते राज कपूरच्या 'संगम'मधनं. सिनेमा 1964 चा. मी तंबूत पाहिला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर. त्या दुष्काळात आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, हंडाभर पाण्यासाठी रात्री जागवलेल्या. आणि पडद्यावर गल्लीबोळातनं पाणी, दारात नाव! बायांच्या बाजूला एकच गलका झाला. घरी परतताना बैलगाडीत आईनं विचारलं,

"ते गाव लई लांब हाय का?"

"लांब म्हंजे? समुद्राच्या पल्याड," वडील म्हणाले.

"मग समुद्र तरी किती लांब?"

यावर कुणी बोललं नाही. समुद्र तसा एका दिवसाच्या यष्टीवर. पण म्हशीची धार, खुरपणी, पोरं, सासू-सासरे यातनं तो एक दिवस काढायचा कुणी?

टीव्ही आला तसे तंबू आटत गेले. त्यांच्यावरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 साली फ्रान्सात कानच्या महोत्सवात दाखवला. तुकोबांमागनं तंबूही परदेशी जाऊन आला.

आईचा समुद्र मात्र राहिलाच होता. एका साली कांद्याचे दोन पैसे झाले, तेव्हा तिला गणपतीपुळ्याला नेलं. तिची साठी उलटलेली. तिनं चपला वाळूत काढल्या, लुगडं सावरत लाटेत गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली.

"एवढं पाणी, आन एका वाफ्याच्या कामाचं न्हाई!"

असं म्हणाली खरं, पण दिवस बुडेपर्यंत काही तिथनं हलली नाही.