अंगोला: घरातलं भांडण आणि बाहेरची माणसं

'यादवी' हा शब्द मला नेहमी जरा फसवा वाटतो. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारत सुटले तेव्हा त्यांच्या हातात निदान तिथल्याच किनाऱ्यावर उगवलेलं गवत होतं. अंगोलातल्या यादवीची हत्यारं मात्र जहाजांनी आणि विमानांनी आली.

१९६१ साली अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध उठाव सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात आपला गोवा सुटला. अंगोलाला पुढे १४ वर्षं लागली. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये सत्तापालट झाला आणि पोर्तुगीजांनी आवराआवर सुरू केली. अंगोलात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटना तीन: एमपीएलए, एफएनएलए आणि युनिटा. जानेवारी १९७५ मध्ये तिघांनी मिळून सरकार चालवायचं ठरलं, पण ते काही महिनेच टिकलं. ११ नोव्हेंबरला स्वातंत्र्य आलं तेव्हा उत्तरेकडून झाईरचं सैन्य आणि दक्षिणेकडून गोऱ्या दक्षिण आफ्रिकेचं सैन्य राजधानी लुआंडाच्या रोखाने निघालेलं होतं. लुआंडा वाचवायला क्यूबाचे सैनिक आले, रशियन शस्त्रं आली. अमेरिका पडद्याआडून दुसऱ्या बाजूला.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). एमपीएलएच्या मार्क्सवादी सरकारला पैसा मिळायचा काबिंडाच्या तेलातून, आणि ते तेल काढायची अमेरिकन कंपनी. त्या तेलक्षेत्राच्या रक्षणाला क्यूबाचे सैनिक. १९८५ मध्ये तिथे घातपात करायला आलेला दक्षिण आफ्रिकेचा कमांडो पकडला गेला. म्हणजे अमेरिकन तेलाला धोका अमेरिकेच्याच बाजूच्यांकडून, आणि राखण कॅस्ट्रोच्या माणसांची!

युनिटाचा जोनास साविंबी तर एकेकाळी चीनमध्ये प्रशिक्षण घेऊन आलेला. त्यालाच १९८६ साली रेगनसाहेबांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, नंतर स्टिंगर क्षेपणास्त्रंही दिली. तत्त्वं वगैरे ठीक आहे हो..

पण सगळं खापर बाहेरच्यांवर फोडणंही मला पटत नाही. १९८८ च्या न्यूयॉर्क कराराप्रमाणे क्यूबाचे सुमारे ५० हजार सैनिक १९९१ पर्यंत घरी गेले. दक्षिण आफ्रिकेनेही काढता पाय घेतला होता. सोव्हिएत संघ तर उरलाच नाही. १९९२ मध्ये निवडणूक झाली. साविंबीने निकाल मानला नाही आणि पुन्हा बंदूक उचलली. आता पैसा हिऱ्यांचा होता. त्या हिऱ्यांना गिऱ्हाईक बाहेरचंच, हे खरं. पण निर्णय त्याचा स्वतःचा होता. २२ फेब्रुवारी २००२ ला तो मारला गेला आणि सहा आठवड्यांत शस्त्रसंधी झाली! २७ वर्षं, आणि मेलेल्यांचा अंदाज पाच लाखांच्या घरात.

सुरुंग मात्र जमिनीतच राहिले. १९९७ मध्ये डायना हुआंबोच्या सुरुंगांतून चालत गेली, तो फोटो तुम्हाला आठवत असेल. २०१९ मध्ये तिचा मुलगा हॅरी तिथे गेला तेव्हा त्या जागी वर्दळीचा रस्ता होता. त्याच दौऱ्यात तो दिरिकोलाही गेला. तिथे सुरुंग काढायचं काम अजून चालूच होतं.