स्त्रीपार्टी नट आणि आपण

यंदा धर्मग्रामाच्या सणानिमित्त अचलपूरच्या आमच्या तरुण मंडळींनी आचार्य अत्रे यांचे 'मोरूची मावशी' हे नाटक बसवावयाचे ठरविले. ब्रँडन थॉमस या इंग्रज नाटककाराच्या 'चार्लीज आंट' या १८९२ साली रंगभूमीवर आलेल्या प्रहसनावर ते बेतलेले आहे. मित्रांची लग्ने जुळावीत म्हणून एक तरुण लुगडे नेसून मावशी बनतो आणि मग एकच गोंधळ उडतो. तेव्हा मावशी कोण होणार, हाच नाटकाचा खरा प्रश्न. त्यासाठी एका रविवारी मिस्सेनंतर सभागृहात निवड-चाचणी घेण्यात आली.

पहिल्या तिघांनी पदर डोक्यावर घेतला, कंबर हलविली, आवाज चिरका केला. आम्ही सारे पोट धरून हसलो. चौथा मुलगा अबोल. त्याने पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकून तो हळूच खाली बसला आणि तांदूळ निवडू लागला. त्याची आजीच समोर बसली आहे, असे क्षणभर वाटले. सभागृह शांत झाले. मग हशा पिकला, पण तो निराळा होता. भूमिका त्यालाच मिळाली.

चार दिवसांनी त्याची आई आमच्याकडे आली. "फादर, पोराले लोकं बायल्या म्हन्तात. उद्या त्याच्या लग्नाचं कसं होईन?" आम्ही निरुत्तर झालो. पहिल्या तिघांना हसणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि त्या हसण्यातूनच हा शब्द निघाला होता. त्या माउलीला द्यावयाच्या उत्तराच्या शोधात आम्ही थोडा इतिहास चाळला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम धर्माचा विचार करू. पुरुषाने स्त्रीचे वस्त्र घालू नये, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे आणि अनेक भाविकांचे बोट तेथेच थांबते. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी या वचनाचा खुलासा केला आहे. मूर्तिपूजकांच्या विधींत अशी वेषांतरे होत, म्हणून नियमशास्त्राने ती विशेषेकरून निषिद्ध ठरविली. मात्र गरजेपोटी केलेल्या वेषांतरात पाप नाही, असे ते म्हणतात. नटाचा व्यवसायही मुळात पापमय नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. तरी ख्रिस्तसभेतील सावधगिरी संपली नाही. येशूसंघाच्या १५९९ सालच्या शिक्षणनियमांनी शालेय नाटकांतून स्त्रीपात्रास आणि स्त्रीवेषासही मज्जाव केला होता. उलटपक्षी, पोपमहोदयांच्या रोम शहरात स्त्रियांनाच रंगभूमी बंद असल्याने त्यांच्या भूमिका पुरुष करीत. जर्मन महाकवी गटे यांनी त्या तेथे पाहिल्या आणि १७८८ साली त्यांवर निबंध लिहिला. येथे आपण स्त्री पाहत नसून स्त्रीत्वाचे बारकाईने केलेले निरीक्षण पाहतो, आणि आनंद होतो तो त्याचा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तांदूळ निवडणारा आमचा मुलगा पाहून सभागृह का शांत झाले, ते यावरून उमगते.

आपल्या महाराष्ट्रात विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून नाटकातील स्त्रीभूमिका मुलगे व तरुण पुरुषच करीत. अशा नटास 'स्त्रीपार्टी' म्हणत. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या भाऊराव कोल्हटकरांनी 'सौभद्रा'तील सुभद्रा गाजविली. १९०१ साली ते निवर्तले आणि मंडळीस नायिकेची उणीव भासू लागली.

'शकुंतला' म्हटले की अचलपूरकरांना मूर्तिजापूरला जाणारी, आता बंद पडलेली आपली नॅरोगेज गाडी आठवते. परंतु १९०५ साली मिरजेस एक वेगळीच शकुंतला अवतरली. नारायण श्रीपाद राजहंस या सतरा वर्षांच्या मुलास कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कानाच्या उपचारासाठी मिरजेस पाठविले होते. तेथेच तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला, देवल मास्तरांच्या तालमीत तयार झाला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. हेच बालगंधर्व. पुढे त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून घरोघरच्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. १९११ साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी वारली. तरीही प्रेक्षकांस परत न पाठविता त्यांनी भामिनी रंगविली. त्यांना 'बायल्या' म्हणण्याची कोणाची छाती झाली असेल, असे वाटत नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

या वैभवात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे. १९०५ सालीच मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' या नाटकात केशवराव भोसले यांनी मृणालिनी साकारली. नाटक मंडळ्यांची गोष्ट दूर राहो, विदर्भाच्या खेड्यांतून दंडार आणि खडी गंमत रंगते, तेथे दिवसा नांगर धरणारा गडी रात्री लुगडे नेसतो. अचलपूरशेजारच्या चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) हे अंध सत्पुरुष तर भक्तिभावाने स्वतःस श्रीकृष्णाची पत्नी मानीत आणि कुंकू, मंगळसूत्र धारण करीत. त्यांचा मार्ग आमचा नव्हे, आणि ते नाटकही नव्हते. परंतु पुरुषाच्या कपाळी कुंकू पाहून हसावेच, अशी या मातीची रीत नव्हती, एवढे यावरून दिसते.

मग हसण्याची रीत कोठून आली? आमच्या अल्पमतीस जे वाटते ते असे. स्त्रीपार्टी नटाचा तो मान स्त्रीच्या अनुपस्थितीवर उभा होता. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे लांच्छनास्पद मानले जाई. दादासाहेब फाळके यांना १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटासाठी तारामती मिळेना. अखेर एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. पुढे हिराबाई बडोदेकर आल्या आणि १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या. हे न्यायाचेच झाले. परंतु नायिकेची जागा स्त्रीला मिळाल्यावर लुगड्यातील पुरुषासाठी आपण एकच जागा शिल्लक ठेवली, ती थट्टेची.

त्या थट्टेची किंमत कोणी मोजली? तमाशापटांतील 'नाच्या' ज्यांनी अजरामर केला, ते गणपत पाटील २००८ साली वारले. ते बायकामुलांचे संसारी गृहस्थ होते. तथापि पडद्यावरील भूमिका हाच त्यांचा स्वभाव, असे लोकांनी धरले आणि त्याचा जाच त्यांच्या घरच्यांनाही सोसावा लागला. आमच्याकडे आलेल्या माउलीची भीती पोकळ नव्हती. पण याच मराठी प्रेक्षकांनी मावशीच्या भूमिकेतील विजय चव्हाण यांच्यावर त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत आणि त्यानंतरही जीव लावला. तेव्हा प्रेक्षक सुधारत नाहीत, असेही नाही.

भूमिकेला हसावे, प्रहसन त्यासाठीच असते. पण पडदा पडल्यावर ते हसू त्या माणसाच्या मागे घरापर्यंत जाऊ लागले, तर त्याला करमणूक म्हणता येत नाही. आणि एखादा खरोखरच निराळ्या घडणीचा असला, तर त्याला दुखविण्याचा अधिकार तरी आपल्याला कोणी दिला? तोही परमेश्वराच्याच प्रतिरूपात निर्माण झाला आहे.

हे सारे आम्ही त्या माउलीस आमच्या परीने समजावून सांगितले आणि आम्हीही हसलो होतो, याची तिच्याजवळ कबुली दिली. पुढच्या रविवारी मिस्सेच्या शेवटी तीच कबुली सर्वांसमोर दिली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. तालमी सुरू झाल्यावर मात्र एका संध्याकाळी ती आली. पिशवीत घडी घातलेले तिच्या सासूचे लुगडे होते. ते आमच्या हाती देत ती म्हणाली, "फादर, पत्रिका छापसान तं मावशीच्या पुढं त्याचं नाव पुरं छापा. बापाच्या नावासकट."

पत्रिका छापून आली आहे. नाव पूर्ण आहे.