दर्शनी टीप

हाताने शिवलेली तीच खरी क्विल्ट, ही समजूत अमेरिकेच्या इतिहासात टिकत नाही. 1856मध्ये सिंगर कंपनीने शिलाई मशीन हप्त्यांवर विकायला काढलं आणि तुकडे जोडून चौकोन करण्याचं काम हळूहळू मशीनवर आलं. हे निव्वळ वेळ वाचवण्यासाठी, असं कुणी म्हणेल. मग जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांची 1886च्या सुमाराची बायबल क्विल्ट पाहावी. तिच्यावरच्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या कापडी आकृत्या बसवताना हाताबरोबर मशीनही चाललं आहे. जोडाची शिवण उलट्या बाजूला दडते, आकृतीच्या कडेची टीप मात्र दर्शनी राहते. लाजच वाटली असती, तर मशीन जोडापुरतंच राहिलं असतं. मला तर त्या टिपेत नव्या यंत्राचा उघड अभिमान दिसतो. मशीनशी जडलेलं हे नातं अजून टिकून आहे: 1933मध्ये आलेलं, जेमतेम पाच किलोंचं सिंगर फेदरवेट हे मशीन क्विल्टचे चौकोन शिवणाऱ्या बायका आजही आवर्जून शोधतात.