विजेची गाडी एकदा येऊन गेली होती

विजेची गाडी आपल्याला नवी वाटते. पण १९०० साली अमेरिकेत बनलेल्या दर तीन मोटारींमागे साधारण एक विजेवरची होती. पेट्रोलच्या त्याहून कमी होत्या.

पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढचा लोखंडी दांडा जोर लावून फिरवावा लागे. तो उलटा फिरला तर हात मोडे. विजेच्या गाडीला ना दांडा, ना धूर. शहरातल्या बायकांना ती आवडे. पेट्रोल गाड्यांचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारासुद्धा विजेचीच गाडी चालवत!

मग ती मागे का पडली? १९०८ साली फोर्ड यांची मॉडेल टी आली, पुढे ती खूप स्वस्त झाली. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला स्टार्टर बसला आणि दांडा गेला. गंमत म्हणजे तो स्टार्टर बॅटरीवरच चाले. तिसरं कारण खेड्यातलं. पेट्रोल डब्यातून कुठेही नेता येई, वीज नाही. १९३० च्या सुमारास तिथल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीजच नव्हती.

आता हलकी लिथियम बॅटरी आली आहे, गाडी लांब जाते. पण खेड्याचा प्रश्न तोच आहे. म्हणून गटातून कर्ज काढून ई-रिक्षा घेण्याआधी विचारा: चार्जिंगपुरती वीज रोज मिळेल का? दुरुस्ती जवळ होईल का? बॅटरी बदलायला किती खर्च येईल? पेट्रोल जाईल की राहील, हे गावागावांतल्या या उत्तरांवरही ठरेल.